दोन गज जमिनीचे भय

गेल्या नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही महाडहून आमच्या मूळ गावी वसईकडे गेलो होतो. पवित्र मिस्सा सायंकाळची होती आणि ती दफनभूमीतच अर्पण होणार होती. दिवेलागणीची वेळ, फाटकापाशी झेंडूच्या ढिगांचा आणि वितळत्या मेणाचा वास. मोठी माणसे फुले-मेणबत्त्या घेऊन एकेक करीत आत गेली. दहा-बारा वर्षांची मुले मात्र बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली. कोणी कितीही हाका मारल्या तरी ती उठेनात. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ स्नेही त्राग्याने म्हणाले, "ह्या भुताखेतांच्या सिनेमांनी आपली पोरं बिघडवली. आजोबांच्या कबरीला भितात!" आसपासच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प राहिलो.

ते मौन आम्हास पुढे बरेच दिवस बोचत राहिले. कारण तो आरोप आम्हास मान्य नव्हता, आणि तरीही आम्ही तो मुकाट्याने ऐकून घेतला होता. आज त्या मौनाची भरपाई करावयाची आहे. मुले फाटकाबाहेर बसतात ही गोष्ट खरी. त्याचे खापर भयपटांच्या माथी फोडणे मात्र अन्यायाचे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते फार सोयीचे आहे. अन्याय दूर करता येतो. सोय सोडवत नाही.

साक्षीला आम्ही एक जुना चित्रपट बोलावतो. 'दो गज ज़मीन के नीचे' हे त्याचे नाव, आणि १९७२ हे त्याचे साल. आजच्या मुलांनी ते नाव ऐकलेही नसेल. त्यात नावाजलेले नट नव्हते, परदेशातील देखावे नव्हते. पैशासाठी लग्न केलेली पत्नी आपल्या साथीदारांच्या मदतीने नवऱ्याचा काटा काढते, त्याला मातीत पुरते, आणि पुरलेला नवरा परत येतो, एवढीच गोष्ट. परंतु हिंदी चित्रसृष्टीत पुढे दोन दशके गाजलेल्या रामसे बंधूंच्या भयपटांची पायाभरणी याच चित्रपटाने केली, आणि त्या पायाभरणीत एका मराठी साहित्यिकाचाही, नकळत का होईना, हात आहे.

रामसे कुटुंब मूळचे कराचीचे. तेथे त्यांचा रेडिओचा धंदा होता. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि वडील एफ. यू. रामसे चित्रपटनिर्मितीकडे वळले. त्यांनी 'रुस्तम सोहराब' (१९६३) आणि 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) हे चित्रपट काढले. या दोहोंचे दिग्दर्शन केले ते 'रणांगण' या कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर यांनी. दुसरा चित्रपट पडला. निर्मात्याचे पैसे बुडाले. पण त्यात एक प्रसंग असा होता की, पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरीला शिरतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांच्या अंगावर आपटून वाया जातात. चित्रपटगृहांत जाऊन बसलेल्या रामसेपुत्रांच्या ध्यानात आले की, लोक त्या एका प्रसंगाने मोहरून जातात आणि बाकीच्या चित्रपटाशी त्यांना काहीच कर्तव्य नसते. तुलसी आणि श्याम या दोघा भावांनी वडिलांपुढे हट्ट धरला: जे लोकांना आवडले तेवढ्याचाच एक चित्रपट करू.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. लोकांवर भुते लादली गेली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोकांनीच एका पडलेल्या चित्रपटातून आपल्याला हवा तो मुखवटा निवडून घेतला. प्रेक्षकाला बुद्धी नसते असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या हट्टातून जो चित्रपट निघाला तो सुमारे साडेतीन लाख रुपयांत आणि सुमारे चाळीस दिवसांत पुरा झाला. सात भावांनी कामे वाटून घेतली. कोणी लिहिले, कोणी कॅमेरा धरला, कोणी ध्वनी सांभाळला, कोणी संकलन केले. घरच्या स्त्रियांनी मंडळींचा स्वयंपाक केला. मुंबईत स्टुडिओ भाड्याने घेणे परवडणारे नव्हते, म्हणून सारा लवाजमा महाबळेश्वरी गेला आणि सरकारी विश्रामगृहात उतरला. धुके फुकट, झाडी फुकट, रात्रीचा काळोख फुकट.

महाबळेश्वर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्ट्रॉबेरी आणि सहलीला आलेली कुटुंबे येतात. आम्हा महाड-पोलादपूरकडच्या लोकांना मात्र ते आमच्या डोक्यावरचे छप्पर वाटते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सुमारे चाळीस किलोमीटरवर महाबळेश्वर. त्याच डोंगरात सावित्री उगम पावते आणि पोलादपूर, महाड अशी खाली वाहत येते. वर धुके दाटले की खाली आम्ही छत्र्या शोधू लागतो. तेव्हा हिंदी पडद्यावरचे ते पुरलेले प्रेत, एका अर्थाने, आमच्याच डोंगरातून उठले. मग घाटाखालच्या लोकांनी त्याचे स्वागत कसे केले?

ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त जी कुटुंबे वसईकडून आली त्यांत आमचेही एक. महाडला तेव्हा रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला. नवे चित्रपट उशिरा येत आणि जुने पुनःपुन्हा येत. अशाच एका जत्रेच्या दिवसांत पोलादपूरकडे तंबू पडला होता, आणि सतरा-अठरा वर्षांचे वय झालेली त्या चित्रपटाची जीर्ण प्रत त्यात लागली होती. आम्ही पाच-सहा जण, घरी काही न सांगता, नऊच्या खेळाला गेलो. खाली गोणपाट, मध्ये दोर बांधून एकीकडे बायका आणि एकीकडे पुरुष, मागे यंत्राची घरघर.

पुरलेला नवरा परतण्याच्या ऐन क्षणी रीळ तुटले. तंबूत अंधार. आमच्या अंगावर काटा आलेला. इतक्यात पुढून कोणी ओरडले, "अरे ऑपरेटर, बिचाऱ्याला वर तरी येऊ दे, मग तोड!" सारा तंबू हसण्याने हलला. रीळ जोडले गेले, प्रेत आले, बायका किंचाळल्या आणि लगेच एकमेकींकडे पाहून हसल्या. दोरापलीकडे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "पैशासाठी नवऱ्याला मातीत घातलान्. आता माती सोडील होय तिला?" तिच्या आजूबाजूच्यांनी हुंकार भरले. अपराध्यांना धाक बसू लागला तशा टाळ्या पडू लागल्या. खेळ संपल्यावर लोक कंदील आणि विजेऱ्या घेऊन आपापल्या वाडीच्या वाटेला लागले. त्यांपैकी काहींची वाट स्मशानावरून जात होती. आम्ही कान देऊन ऐकत होतो. गोष्टी चालल्या होत्या त्या भाताच्या लावणीच्या, मुंबईहून न आलेल्या मनीऑर्डरीच्या आणि सकाळच्या एस.टी.च्या.

आम्ही सांगतो ती एवढी साक्ष. लोक भ्याले, हसले, न्यायाला टाळ्या दिल्या आणि घरी गेले. भुलले कोणीही नाही.

आणि भुलतील तरी का? कोकणच्या माणसाला भयाचा खेळ नवा नाही. शिमग्यात नमन-खेळ्यांतला संकासुर येतो. काळा वेश, तोंडावर मुखवटा, लांब दाढी, डोक्यावर उंच टोपी. लहान मुले आईच्या पदराआड दडतात आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मागून पळू लागतात. मुखवट्याच्या आत आपल्याच वाडीतला कोणीतरी आहे, हे ठाऊक असूनही भिणे आणि भिऊनही हसणे ही या मातीची जुनी शाळा आहे. पृथ्वीराज कपूरांच्या मुखवट्याला टाळ्या देणारा प्रेक्षक याच शाळेत शिकलेला होता. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधल्या बाहुल्याला महाराष्ट्र एकाच वेळी भ्याला आणि हसला, तो याच सवयीने.

परंतु ही साक्ष कोणी घेतली नाही. शहरातील समीक्षकांनी असले चित्रपट दखल घेण्याच्याही लायकीचे मानले नाहीत. जेथे गाडीसुद्धा थांबत नाही अशा गावांत आपला धंदा होतो, असे तुलसी रामसे सांगत असत. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. तो वाटत होता तो आपल्याला. गाडी न थांबणाऱ्या गावात राहणाऱ्या माणसाची आवड म्हणजे हलकी आवड, असा आपला एक न लिहिलेला नियमच आहे. १९८४ सालचा 'पुराना मंदिर' त्या वर्षाच्या मोठ्या यशांत गणला गेला, तरी त्या नियमाला बाध आला नाही. अमेरिकेतही हेच घडले. १९६८ साली पिट्सबर्गच्या काही तरुणांनी सव्वा लाख डॉलरांहूनही कमी खर्चात 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट काढला. त्याचा आरंभच दफनभूमीत होतो. प्रथम त्याची हेटाळणी झाली, आणि १९९९ साली तोच राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्याच्या यादीत गेला. तुलसी रामसे २०१८ साली आणि श्याम रामसे २०१९ साली वारले. मग त्यांच्यावर लेख आले. जिवंतपणी ज्याला दारात उभे केले नाही त्याच्या मयतीला हार घेऊन जाण्याची आपली रीत सर्वत्र सारखीच.

आता मुख्य आरोपाकडे येऊ. असले चित्रपट अंधश्रद्धा वाढवितात, असे म्हटले जाते. आम्ही महाडात राहतो, म्हणून महाडचेच उदाहरण देतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. पाठोपाठ गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्या आवईवर सत्याग्रहींची डोकी फोडण्यात आली. पुढे तळे बाटले म्हणून दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. त्या वेळी हिंदी चित्रपट बोलतही नव्हता. स्पर्शाचे हे भूत कोणत्या तंबूत दाखविले गेले होते? ते शिकलेल्या घरांत, ओटीवर, देवघराच्या उंबऱ्यावर पोसले गेले होते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पडल्यानंतर. तो कायदा भोंदू बाबांना आवरण्यासाठी करावा लागला. पडद्यावरच्या भुताला मोबदला एका तिकिटाचा मिळत असे आणि तीन तासांनी ते निघून जाई. हे बाबा घर, जमीन आणि लेकी-सुना मागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकतात.

खरे भय कशाला म्हणतात हे महाड-पोलादपूरच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते येथे डोंगर घरांवर आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसह नाहीशा झाल्या. २८ जुलै २०१८ रोजी, ज्या आंबेनळी घाटाचे आम्ही वर नाव घेतले त्याच घाटात, दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि सुमारे तीस जणांचा अंत झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत बसली. आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर कडा कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. कित्येकांचे देह हाती लागले नाहीत. अखेर शोध थांबवून त्यांना मृत जाहीर करावे लागले.

'दोन गज जमिनीच्या खाली' हे शब्द मुंबईच्या माणसाला चित्रपटाचे नाव वाटते. तळियेच्या माणसाला ते आपल्या घराचे वर्णन वाटेल. तेथे परत येणाऱ्या मृतांचे भय कोणाला नाही. एकदा तरी परत यावीत, निदान त्यांचा देह तरी परत यावा, म्हणून चिखलाकडे पाहत बसलेली माणसे आहेत. अशा माणसाला तुम्ही भयपट पाहू नकोस, बिघडशील, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

येथवर आम्ही चित्रपटाची बाजू घेतली. आता त्याच्यावरचे आमचे आरोपपत्रही मांडतो, कारण आमची तक्रार नाही असे नव्हे. ती वेगळी आहे.

धुके, वाकडे झालेले क्रूस, गंजलेले फाटक, हाती कंदील घेतलेला म्हातारा राखणदार: भयपटांनी आपल्या दफनभूमीचे असे एक ठरावीक चित्र करून टाकले. त्यात द्वेष नव्हता. भुताला आवरण्यासाठी त्यांनी क्रूस उचलला तसा त्रिशूळही उचलला. 'पुराना मंदिर'मधल्या सामरीचे शिर त्रिशुळानेच जखडून ठेवलेले आहे. विदेशात ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली आली तेव्हापासून क्रूस हे पिशाच्चावरचे हत्यार ठरले होतेच. परंतु क्रूस म्हणजे विजेचे बटण नव्हे. दाबले की दिवा लागला, उगारला की भूत पळाले! ज्याच्यावर एक निरपराध माणूस खिळला गेला आणि ज्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, ते क्रूस हे चिन्ह आहे. त्याचा ताईत करणे हा त्याचा अपमान आहे, मग तो ताईत नायकाच्या हाती असो की आपल्या गळ्यात.

आमची दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. या चित्रपटांत जो थडग्यातून परत येतो तो सूड घेण्यासाठी येतो. आपल्या श्रद्धेच्या मुळाशी असलेली घटनाही थडग्यातून परत आलेल्याचीच आहे. त्याचाही विश्वासघात झाला होता, तोही पैशासाठीच. त्यालाही कबरेत ठेवून वर धोंड लोटली होती. तो परत आला तेव्हा दारे लावून बसलेले त्याचे मित्र थरथर कापले, आणि ते साहजिकच होते. तीन दिवसांपूर्वी ते त्याला एकटा टाकून पळाले होते. रामसेंनी तो प्रसंग चित्रित केला असता तर पुढे काय झाले असते हे सांगावयास नको. परंतु शुभवर्तमानात तो येऊन उभा राहतो आणि प्रथम शांती देतो. मृताचे परतणे म्हणजे हिशेब चुकता करणे, असे तो चित्रपट सांगतो. मृताचे परतणे म्हणजे हिशेब फाडून टाकणे, असे आपण मानतो. निदान तसे मानतो, असे प्रत्येक रविवारी उभे राहून म्हणतो.

मग आपली मुले फाटकाबाहेर का बसतात?

वाचकहो, आमच्या मते याचे उत्तर तंबूत सापडणार नाही; ते आपल्या घरात सापडेल. सणाच्या दिवशी नव्या मोटारीत क्रूस टांगताना आपण मुलाला काय सांगतो? अपघात होणार नाही म्हणून. पवित्र पाण्याची बाटली उशाशी कशासाठी? वाईट स्वप्न पडू नये म्हणून. तिन्हीसांजेला कबरस्तानाकडे जाऊ नकोस, असे त्याला कोणी सांगितले? रामसेंनी नव्हे, आजीने सांगितले, आणि आपण हसून सोडून दिले. लेकरू फणफणले की दवाखान्याआधी कोणाची तरी दृष्ट लागल्याची चर्चा आपल्याच ओट्यावर होते. चर्चची शिस्त याबाबतीत किती कडक आहे हे कितीकांना ठाऊक आहे? अपदूत काढण्याचा विधी धर्माध्यक्षांच्या स्पष्ट अनुमतीवाचून कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेला सुधारित विधी तर आजाराची शक्यता आधी तपासा, जाणत्या वैद्यांचे मत घ्या आणि विधीचा तमाशा होऊ देऊ नका असे बजावतो. रोमची सावधगिरी आपल्या गल्लीपर्यंत पोहोचलेली नाही आणि दोष मात्र आपण साडेतीन लाखांच्या चित्रपटाला देतो!

दफनभूमीसाठी युरोपीय भाषांत जो शब्द रूढ आहे तो मूळ ग्रीक. त्याचा अर्थ निजण्याची जागा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो मुद्दाम निवडला. मृत्यू ही निद्रा आणि कबर म्हणजे बिछाना. आमच्या लहानपणी तो अर्थ पुस्तकात नव्हता, वागण्यात होता. नोव्हेंबर लागण्याआधी घरचे सारे कुदळ-फावडे घेऊन जात. गवत काढायचे, क्रूस चुन्याने रंगवायचा, फुले लावायची. हे काम मुलांचे. वडील कबरीच्या कडेला बसून, ह्या आजोबांनी विहीर कशी खणली, ह्या मावशीने दुष्काळात कोणाकोणाला जेवू घातले, ते सांगत. आम्ही कबरींच्या मधून लपाछपी खेळत असू आणि कोणी रागावत नसे. जेथे आपली माणसे निजली आहेत तेथे भिण्यासारखे काय असणार?

पुढे आम्ही नोकरीसाठी गाव सोडले. गवत काढावयास मजूर लावला. फुले विकत घेतली. एक वर्ष रजा मिळाली नाही, पुढच्या वर्षी परीक्षा आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस लांबला. हे आम्ही दुसऱ्या कोणाचे सांगत नाही. आमच्या आईच्या कबरीवर आम्ही सलग चार वर्षे गेलो नव्हतो. पाचव्या वर्षी गेलो तेव्हा ती शोधावी लागली. आमच्या मुलाने बोट घट्ट धरून विचारले, "इथं कोण राहतं?" आम्हास उत्तर देता आले नाही, कारण चार वर्षांत आम्ही त्याला आजीची एकही गोष्ट सांगितली नव्हती. ज्या घरात कोणी दिवा लावीत नाही त्यातच भूत शिरते, अशी आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. आपण दफनभूमी ओसाड ठेवली. चित्रपटवाल्यांनी रिकामी जागा पाहिली आणि तेथे आपला कॅमेरा मांडला. भाडेकरूला शिव्या देण्याआधी घरमालकाने आपण घर का सोडले ते सांगावे.

या भयाची किंमत केवढी असते हे २०२० साली दिसले. ३० मार्चला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की करोनाने मृत झालेल्या प्रत्येकाचे, त्याचा धर्म कोणताही असो, दहनच करावे. ते त्याच दिवशी बदलावे लागले. एप्रिलमध्ये चेन्नईत रुग्णांची सेवा करताना करोना होऊन मरण पावलेले डॉ. सायमन हर्क्युलस यांच्या दफनाला जमावाने विरोध केला, रुग्णवाहिकेवर दगड मारले. अखेर त्यांच्या एका सहकारी डॉक्टरला रात्री स्वतःच्या हातांनी माती लोटावी लागली. प्रेतातून रोग पसरेल ही आवई होती, महाडच्या देवळाच्या आवईसारखीच. मृताला दोन गज जमीन नाकारणारे ते हात भुताला भीत नव्हते. ते मेलेल्या माणसाला भीत होते. जी माणसे मृतांपाशी कधी बसलेली नाहीत त्यांचे असेच होते. आपली फाटकाबाहेर बसलेली मुले उद्या कोणत्या बाजूला उभी राहतील, याची आम्हास चिंता आहे.

कोणी म्हणेल, मुलांचे मन कोवळे असते. तुम्ही त्यांना भयपट दाखवा असे सांगता काय? नाही. रामसेंच्या चित्रपटांना प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळत असे, ते योग्यच होते, आणि तंबूत जाताना घरी खोटे बोललो याचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु १९९३ पासून 'झी हॉरर शो' आपल्याच बैठकीच्या खोलीत, आपल्याच दूरचित्रवाणी संचावर लागत होता. तेव्हा किती घरांत मुलांना उठवून आत पाठविले गेले? आज तर तोच खेळ प्रत्येकाच्या तळहातावर आहे. बंदी घालणे सोपे, आणि ती पाळली जात नाही म्हणून कुरकुर करणे त्याहून सोपे. मुलाशेजारी बसून, "ह्यातला मेलेला का चिडला आहे? आपले मेलेले चिडतात का?" एवढे विचारणे मात्र कठीण. पोलादपूरच्या तंबूतील म्हातारीने तेवढे केले. भूत पाहता पाहता तिने न्यायाची गोष्ट केली. आपण देवळात बसूनही क्षमेची करीत नाही.

म्हणून आमचे मागणे चित्रपट मंडळाकडे नाही, सरकारकडे नाही. ते धर्मग्रामातील कुटुंबांकडे आहे. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना चर्चने विशेष आध्यात्मिक लाभ देऊ केला आहे. २०२० च्या साथीत गर्दी टाळण्यासाठी तो संपूर्ण महिनाभर घेण्याची मुभा दिली होती. आपण एका दिवसातच सारे उरकतो. येत्या नोव्हेंबरात एक सायंकाळ अशी ठेवा की मिस्सा नाही, फोटो नाहीत. घरची कुदळ घ्या. मजूर लावू नका. मुलाच्या हाती चुन्याचा डबा द्या. अंधार पडू लागला तर पडू द्या, मेणबत्त्या त्यासाठीच असतात. आजोबांचे नाव मोठ्याने वाचा आणि त्यांची एक तरी गोष्ट सांगा, हसण्यासारखी असेल तर फारच उत्तम. ज्यांना कोणी नाही अशा एका कबरीवरचेही गवत काढा. आणि निघण्यापूर्वी ज्यांना दोन गज जमीनही लाभली नाही त्यांचे स्मरण करा. आमच्यापुरते सांगतो: आम्ही तळियेच्या, सावित्रीच्या आणि आंबेनळीच्या माणसांचे करू. त्यांचा धर्म आपण विचारण्याचे कारण नाही.

त्या ज्येष्ठ स्नेह्यांना आम्ही हा लेख पाठविणार आहोत. त्या सायंकाळी जे बोलावयास हवे होते ते उशिरा का होईना बोललो. यंदा आम्ही आमच्या नातवंडांना घेऊन दिवेलागणीलाच येऊ. त्यांनीही त्यांच्या नातवंडांना कट्ट्यावरून उठवून आत आणावे.